भट्टीतून निसटलेले गरुड

१८२२ साली फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने पाच डॉलरची १७,७९६ सोन्याची नाणी पाडली. त्यांतली आज तीन माहीत आहेत. दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत आणि तिथून ती बाहेर पडण्याची शक्यता नाही. तिसरे खासगी मालकीचे. मार्च २०२१ मध्ये ते लिलावात ८४ लाख डॉलरला गेले. बाकीच्यांना कुणी चोरले नाही, की ती एखाद्या आगीत सापडली नाहीत. व्यापाऱ्यांनी ती रीतसर, हिशेब मांडून आणि नफा बघून देशाबाहेर नेली व वितळवली.

अमेरिकेच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांवर मराठीत पुस्तक लिहायचे ठरले, तेव्हा सुरुवात या आकड्यानेच करायची हे पक्के होते. या छंदात पहिल्या दिवसापासून दोन आकडे जवळ बाळगावे लागतात: किती पाडली आणि किती उरली. पहिला आकडा टाकसाळीच्या अहवालात असतो, छापील याद्यांत असतो, आणि विक्रेते तोच ठळक अक्षरांत सांगतात. दुसरा कुणी लिहून ठेवलेला नाही. जुन्या लिलावांच्या सूच्या, युरोपातल्या बँकांच्या तिजोऱ्या, बुडालेली जहाजे, जमिनीत पुरलेले डबे यांवरून तो अदमासाने काढावा लागतो. माझ्या मते या छंदाची खरी गोडी दुसऱ्या आकड्यात आहे, आणि पुढच्या प्रकरणांची रचनाही त्याच्याच भोवती केली आहे.

पुस्तकाचा आवाका आधी सांगून टाकतो. १७९५ ते १९३३ या काळात अमेरिकन सरकारच्या टाकसाळींनी चलनासाठी पाडलेली सोन्याची नाणी, एवढाच विषय. १९८६ पासून निघू लागलेली, गुंतवणुकीसाठी विकली जाणारी नवी ‘ईगल’ नाणी यात नाहीत. ती सोने म्हणून घ्यावीत आणि सोने म्हणून विकावीत, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. कॅलिफोर्नियातल्या खासगी टाकसाळींची नाणीही वगळली आहेत. त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल.

या मालिकेचा कणा म्हणजे ‘ईगल’, दहा डॉलरचे नाणे. त्याच्या निम्म्याचे हाफ ईगल, पाव किमतीचे क्वार्टर ईगल आणि दुप्पट किमतीचे डबल ईगल. मधूनमधून एक डॉलरचे आणि तीन डॉलरचे नाणे येऊन गेले. दोन्ही १८८९ मध्ये बंद झाली. एक डॉलरचे नाणे सुरुवातीला जेमतेम १३ मिलिमीटर रुंद होते आणि खिशात हरवायचे. तीन डॉलरचे नाणे लोकांना कधीच आवडले नाही. डबल ईगल ३३.४ ग्रॅम भरते, म्हणजे जुन्या तोळ्यात पावणेतीनाहून थोडे जास्त, आणि त्यात ३० ग्रॅमहून किंचित अधिक शुद्ध सोने असते. १८३७ पासूनची सर्व नाणी ९० टक्के सोन्याची, बाकी बहुतांश तांबे. आपल्या सराफी भाषेत २१.६ कॅरेट. ज्यांच्या घरी आजीच्या पेटीतली गिनी अजून आहे, त्यांना अंदाज यावा म्हणून सांगतो: हाफ ईगल गिनीपेक्षा जरासे जड, आणि त्यातले शुद्ध सोनेही थोडेसेच जास्त.

गिनीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. अमेरिकन सोन्याचे नाणे आपल्याकडे घराघरांत कधी पोहोचले नाही. इथे ब्रिटिश सॉव्हरिनचे, म्हणजे आपल्या गिनीचे, राज्य होते. १९१८ मध्ये तर मुंबईच्या टाकसाळीतच सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडली गेली. त्यामुळे मराठी वाचकाकडे या विषयाच्या कौटुंबिक आठवणी नाहीत. मला ती सोय वाटते. आजोबांच्या गोष्टी बाजूला ठेवून सरळ नाण्याकडे पाहता येते.

आता त्या १७,७९६ नाण्यांकडे. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने अमेरिकेने सोने आणि चांदी दोन्हींना चलन मानले आणि त्यांचे परस्परांतले मोल ठरवून टाकले: एक भार सोन्याला पंधरा भार चांदी. अलेक्झांडर हॅमिल्टनने ही योजना आखली तेव्हा हा भाव बाजाराला धरून होता. पुढे चांदी स्वस्त झाली, आणि १८०३ मध्ये फ्रान्सने आपला भाव एकास साडेपंधरा असा बांधला. अर्ध्या भाराचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सराफाला त्यात सगळे दिसते. फिलाडेल्फियात पंधरा औंस चांदी देऊन एक औंस सोने घ्यायचे, ते पॅरिसला पाठवायचे, साडेपंधरा औंस चांदी घेऊन परतायचे. वाहतूक आणि विमा जाऊनही हातात काही उरत असे. टाकसाळ सोन्याची नाणी पाडत होती आणि व्यापारी ती जहाजावर चढवत होते. दहा डॉलरचे ईगल पाडणे १८०४ मध्ये थांबवले गेले, ते चौतीस वर्षे सुरू झाले नाही. मग सर्वांत मोठे नाणे हाफ ईगल ठरले आणि निर्यातीचा सगळा भार त्याच्यावर आला.

१८३४ मध्ये काँग्रेसने हा घोळ मिटवला, पण जुन्या नाण्यांचा त्यात निकाल लागला. नवा भाव एकास सोळा ठरला आणि नाण्यातले सोने कमी झाले. जुन्या शंभर हाफ ईगलमधल्या सोन्यातून नवी १०६ पाडून वर काही उरेल, इतका फरक. आता जुने नाणे पाच डॉलरला खर्च करणारा माणूस मूर्ख ठरला असता. परदेशी जाण्यातून जी वाचली होती, ती घरच्याच भट्टीत गेली. म्हणून १८३४ पूर्वीचे कुठलेही अमेरिकन सोन्याचे नाणे हातात आले, तर ते एकदा नव्हे, दोनदा वाचलेले असते. नव्या नाण्यांबाबतही ‘किती पाडली’ हा आकडा लगेच खरा ठरत नाही, हे पुढे दिसेलच. पण या पहिल्या चाळीस वर्षांत तो सर्वांत फसवा आहे.

याच काळात दक्षिणेत सोने सापडले. उत्तर कॅरोलायनात १७९९ मध्ये कॉनराड रीड नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला ओढ्यात सतरा पौंडांचा एक पिवळा दगड मिळाला. घरच्यांनी तो तीन वर्षे दाराला अडसर म्हणून वापरला आणि १८०२ मध्ये एका जवाहिऱ्याला साडेतीन डॉलरला विकला. त्याची खरी किंमत याच्या हजारपट होती. पुढे जॉर्जियातही सोने निघाले आणि १८३८ मध्ये तीन नव्या टाकसाळी सुरू झाल्या: शार्लट, डॅलोनेगा आणि न्यू ऑर्लिन्स. शार्लटच्या नाण्यांवर ‘सी’, डॅलोनेगाच्या नाण्यांवर ‘डी’, न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांवर ‘ओ’. (१९०६ मध्ये डेन्व्हरची टाकसाळ उघडली आणि तिनेही ‘डी’च घेतला, पण दोन्हींच्या मध्ये पंचेचाळीस वर्षे आहेत, त्यामुळे साल पाहिले की गोंधळ होत नाही.)

डॅलोनेगाबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण नाण्यांची पुस्तके इथे घाईने पुढे सरकतात. तिथले सोने चेरोकी लोकांच्या जमिनीत होते. १८३२ मध्ये जॉर्जिया राज्याने ती जमीन सोडत काढून गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटली. ज्या वर्षी डॅलोनेगाच्या टाकसाळीतून पहिले नाणे बाहेर पडले, त्याच १८३८ मध्ये लष्कराने चेरोकींना घरांतून हुसकून पश्चिमेकडे चालत नेले. वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार माणसे दगावली असे मानले जाते. डॅलोनेगाची नाणी आज संग्राहकांना फार प्रिय आहेत. ओबडधोबड ठसा, दुर्बळ छाप, थोडी संख्या, आणि दक्षिणेचे एक रोमँटिक वलय. मला ते वलय पटत नाही. ही नाणी जरूर जमवावीत, पण त्यांतले सोने कोणाच्या जमिनीतून आले हे शेजारच्या कागदावर लिहिलेले असावे. १८६१ मध्ये यादवी सुरू झाली आणि बंडखोर राज्यांनी टाकसाळ ताब्यात घेतली. त्यांनी तिथे त्या वर्षाची एक डॉलरची काही नाणी पाडली. किती, याची नोंद सरकारी वह्यांत नाही. त्या नाण्यापुरते ‘किती उरली’ हेच विचारता येते.

२४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला कॅलिफोर्नियात सटरच्या लाकूडगिरणीपाशी सोन्याचे कण दिसले आणि सगळे प्रमाण बदलले. त्या सोन्याचा पहिला सरकारी माल पूर्वेला पोहोचला तेव्हा त्यातून पाडलेल्या १,३८९ क्वार्टर ईगलवर ‘कॅल.’ अशी अक्षरे वरून ठोकली गेली. पुढच्याच वर्षी काँग्रेसने वीस डॉलरच्या नाण्याला मंजुरी दिली; एवढे सोने लहान नाण्यांत बदलत बसणे टाकसाळीला परवडणारे नव्हते. टाकसाळीचे मुख्य खोदकाम करणारे जेम्स लाँगेकर यांनी डबल ईगलवर मुकुटधारी स्वातंत्र्यदेवी बसवली. तिच्यात मोठी कला नाही, पण सत्तावन वर्षे ती टिकली. १८६६ मध्ये मागच्या बाजूला देवावरील विश्वासाचे वचन आले, १८७७ मध्ये ‘डॉलर्स’ हा शब्द पूर्ण लिहिला जाऊ लागला. एवढे लक्षात ठेवले तर लाँगेकरच्या डबल ईगलचे तिन्ही प्रकार ओळखता येतात.

सॅन फ्रान्सिस्कोची टाकसाळ १८५४ मध्ये सुरू झाली आणि तिचे सोने जहाजांनी पनामाला, तिथून रेल्वेने अटलांटिकच्या काठावर आणि पुन्हा जहाजाने न्यूयॉर्कला जाऊ लागले. १२ सप्टेंबर १८५७ रोजी वादळात सापडलेले ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडाले. सुमारे सव्वाचारशे माणसे गेली. न्यूयॉर्कच्या बँका या सोन्याची वाट पाहत होत्या. आधीच डळमळलेल्या बाजाराला त्या बातमीने आणखी धक्का बसला. १९८८ मध्ये ओहायोतल्या एका मोहिमेने दोन किलोमीटरहून खोल समुद्रतळावर ते जहाज शोधले. तिथे १८५७ सालची सॅन फ्रान्सिस्कोची डबल ईगल हजारोंनी पडली होती, बहुतेक जशी टाकसाळीतून निघाली तशी. त्याआधी या वर्षाचे कोरे नाणे दुर्मीळ म्हणून प्रसिद्ध होते. पाडलेली संख्या एकाने बदलली नाही. उरलेली संख्या एका मोहिमेने बदलली. किंमत सांगणाऱ्या प्रत्येक कोष्टकाखाली ही शक्यता दडलेली असते. २०१३ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका जोडप्याला स्वतःच्या जागेत पुरलेले डबे सापडले: आठ डबे, १,४२७ नाणी, जवळपास सगळी डबल ईगल. काही सालांची दुर्मीळता त्या दिवशी कमी झाली.

नेव्हाडातल्या कार्सन सिटीच्या नाण्यांना, म्हणजे ‘सीसी’ खुणेच्या नाण्यांना, एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. तिथे १८७० मध्ये पहिल्या वर्षी फक्त ३,७८९ डबल ईगल पाडली गेली आणि ती चलनात झिजून झिजून संपली. वाचलेली बहुतेक खरचटलेली आहेत. सुंदर नाणे हवे असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

सुंदर नाणे हवे असेल, तर १९०७ कडे यावे लागते. थिओडोर रूझवेल्टला आपल्या देशाची नाणी कुरूप वाटत. डिसेंबर १९०४ मध्ये त्याने अर्थमंत्री लेस्ली शॉ यांना तसे स्पष्ट लिहिले आणि काम थेट ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराकडे सोपवले. रूझवेल्टच्या मनात प्राचीन ग्रीक नाणी होती, ज्यांवरची मूर्ती पृष्ठभागातून उठून वर येते. सेंट-गॉडन्सने न्यूयॉर्कच्या शर्मन स्मारकासाठी विजयदेवता घडवली होती. तिच्यासाठी हेटी अँडरसन ही आफ्रिकी-अमेरिकन तरुणी उभी राहिली होती. तीच झेप घेणारी आकृती, हातात मशाल आणि ऑलिव्हची फांदी घेऊन, डबल ईगलवर आली. मागे सूर्याच्या किरणांवरून उडणारा गरुड.

टाकसाळीचे मुख्य खोदकाम करणारे चार्ल्स बार्बर या सगळ्याला विरोध करत राहिले. इतिहासकारांनी त्यांना खलनायक केले आहे, पण त्यांची तक्रार रास्त होती. इतक्या उठावाचे नाणे यंत्राच्या एका दाबात उमटत नाही. प्रत्येक चकती पुन्हापुन्हा दाबावी लागते, आणि तयार नाण्यांची चळत बँकेच्या टेबलावर नीट उभी राहत नाही. ३ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट-गॉडन्स कर्करोगाने गेला. आपले नाणे चलनात आलेले त्याने पाहिले नाही. त्याच्या सहायकाने काम पुढे नेले. रोमन आकड्यांत वर्ष असलेली, उंच उठावाची सुमारे बारा हजार नाणी त्या वर्षी पाडली गेली. डिसेंबरात बार्बरने उठाव दाबून, साधे आकडे घालून तेच नाणे यंत्राच्या लायकीचे केले. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की बार्बरने काय वाचवले आणि काय घालवले हे एका नजरेत कळते. माझा कौल सेंट-गॉडन्सला आहे. पण बँकेत पैसे मोजायला बसलो असतो तर बार्बरला दिला असता.

या नाण्याच्या कडेने तारे आहेत, दर राज्यामागे एक. १९०७ मध्ये ४६ होते. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना राज्ये झाल्यावर १९१२ पासून ४८ झाले. देवावरील विश्वासाचे वचन सुरुवातीला नव्हते. ज्या नाण्याने माणूस जुगार खेळतो त्यावर देवाचे नाव नको, असे रूझवेल्टचे मत होते. लोक संतापले आणि १९०८ मध्ये काँग्रेसने ते वचन परत आणले. एखाद्या नाण्यावरून देवाचे नाव काढणे राष्ट्राध्यक्षालाही पेलले नाही, हे भारतीय वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

त्याच वर्षी बेला लायन प्रॅटने हाफ आणि क्वार्टर ईगलसाठी उलटी युक्ती केली: मूर्ती पृष्ठभागाच्या खाली खोदलेली, प्राचीन इजिप्तच्या भिंतींवर असते तशी. त्यावर खरोखरीच्या एका आदिवासी पुरुषाचे मुख आहे. त्याआधी लाँगेकर आणि सेंट-गॉडन्स दोघांनीही गोऱ्या देवीच्याच डोक्यावर पिसे बसवली होती. फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल चॅपमन या नाणेविक्रेत्याने तक्रार केली, की खोबणींत घाण साचेल आणि रोगजंतू पसरतील. जंतू पसरल्याची नोंद नाही. मात्र खोदकाम खाली असल्यामुळे सपाट पृष्ठभागच झिजतो, आणि या नाण्यांची अवस्था ठरवणे आजही जाणकारांना अवघड जाते.

आणि मग १९३३. मंदीने बँका बंद पडत होत्या, लोक सोने काढून घरी नेत होते. ५ एप्रिलला फ्रँकलिन रूझवेल्टने आदेश काढला: १ मेपर्यंत सोन्याची नाणी, कांब्या आणि सुवर्णपत्रे बँकेत जमा करा. औंसाला २०.६७ डॉलर मिळतील. न देणाऱ्याला दहा हजार डॉलर दंड किंवा दहा वर्षे कैद, किंवा दोन्ही. माणशी शंभर डॉलरपर्यंतची नाणी ठेवायला मुभा होती. शिवाय दुर्मीळ नाण्यांच्या संग्राहकांसाठी एक वेगळी सवलत होती. त्या वेळचे अर्थमंत्री विल्यम वुडिन हे स्वतः नामांकित नाणेसंग्राहक होते. ती ओळ त्यांच्यामुळे आली असे संग्राहक मानतात, आणि मलाही ते पटते. जानेवारी १९३४ मध्ये सरकारने सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर केला. ज्याने निमूटपणे डबल ईगल देऊन वीस डॉलर घेतले होते, त्याच्या सोन्याचे मोल आता तेहतीस डॉलर ८६ सेंट झाले होते. फरक सरकारच्या खात्यात गेला.

आपल्याकडच्या ज्येष्ठांना हे वाचताना १९६३ आठवेल. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले, चौदा कॅरेटहून शुद्ध दागिना घडवायला बंदी झाली, आणि गावोगावचे सोनार देशोधडीला लागले. तो कायदा १९९० मध्ये गेला. अमेरिकेत सर्वसामान्य माणसाला सोने बाळगण्याची मुभा ३१ डिसेंबर १९७४ रोजी परत मिळाली, तब्बल एक्केचाळीस वर्षांनी.

जमा झालेली नाणी आणि टाकसाळींच्या तिजोऱ्यांत पडून असलेल्या थैल्या वितळवून कांब्या केल्या गेल्या. त्यांतले पुष्कळ सोने केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला गेले. आज विसाव्या शतकातल्या नाण्यांची दुर्मीळता या एका घटनेवर ठरते. १९२७ मध्ये फिलाडेल्फियाने सुमारे साडेएकोणतीस लाख डबल ईगल पाडली. ती आज सहज मिळतात. त्याच वर्षी डेन्व्हरने १ लाख ८० हजार पाडली. ती डझनभराच्या आसपास उरली आहेत. सोळास एक हे प्रमाण जगण्याच्या बाबतीत कुठल्या कुठे गेले. कारण फिलाडेल्फियाची नाणी मोठ्या प्रमाणावर व्यापारातल्या देण्यापोटी युरोपात गेली होती. पॅरिस आणि झुरिकच्या बँकांना रूझवेल्टचा आदेश लागू नव्हता. डेन्व्हरच्या थैल्या तिजोरीतच राहिल्या आणि तिथून भट्टीत गेल्या. शंभर वर्षांपूर्वी जी निर्यात नाण्याचा मृत्यू होती, तिनेच या वेळी नाणी वाचवली. हे पुस्तक लिहायला मला याच उलटापालटीने भाग पाडले.

१९३३ सालच्या डबल ईगलची कथा शेवटच्या प्रकरणात सविस्तर आहे. इथे एवढेच: ४,४५,५०० पाडली गेली, एकही अधिकृतपणे चलनात आले नाही. काही फिलाडेल्फियातून मागच्या दाराने बाहेर पडली. एक इजिप्तचा राजा फारूक याने विकत घेतले आणि १९४४ मध्ये अमेरिकन सरकारनेच त्याला निर्यातीचा परवाना देऊन टाकला. पुढे ते १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात सरकारच्या हाती लागले. तडजोड होऊन २००२ मध्ये ते ७५ लाख ९० हजार डॉलरला विकले गेले; २०२१ मध्ये १ कोटी ८९ लाखांना. २००२ च्या विक्रीच्या वेळी टाकसाळीला वीस डॉलर वेगळे द्यावे लागले, नाणे कायदेशीर चलन व्हावे म्हणून. खासगी माणसाने बाळगायला परवानगी असलेले १९३३ चे हे एकमेव डबल ईगल आहे. आणखी दहा एका घराण्याच्या तिजोरीत सापडली, ती बरीच वर्षे खटला चालून सरकारजमा झाली.

संग्राहकांबद्दल थोडेसे. बाल्टिमोरचे बँकर लुईस एलियासबर्ग नाणी जमवू लागले ते सोने कायदेशीरपणे जवळ ठेवण्याचा मार्ग म्हणून, आणि १९५० मध्ये अमेरिकेच्या प्रत्येक ज्ञात सालाचे आणि टाकसाळीचे नाणे असलेला एकमेव संपूर्ण संग्रह त्यांनी पुरा केला. आरंभीचे तिसरे १८२२ चे हाफ ईगल त्यांचेच. औषध कंपनीचे वारस जोसाया लिली यांनी सहा हजारांहून जास्त सोन्याची नाणी जमवली. ती १९६८ मध्ये काँग्रेसच्या खास कायद्याने, करसवलतीच्या बदल्यात स्मिथसोनियनला गेली. सामान्य माणसाने या दोघांकडे पाहून हिरमुसू नये. त्यांचा मार्ग आपला नाही.

आपला मार्ग साधा आहे आणि त्यात काही खड्डे आहेत. पहिला खड्डा नकली नाण्यांचा. यांतल्या पुष्कळ नकला खऱ्याच सोन्याच्या असतात, कारण नफा सोन्यात नसून सालात असतो. सराफाच्या कसोटीच्या दगडावर अशी नक्कल उत्तीर्ण होते. वजनही बरोबर भरते. १९७० च्या दशकात कुणा अज्ञात कारागिराने १९०७ च्या उंच उठावाच्या डबल ईगलची इतकी देखणी नक्कल केली, की तिच्यावर गरुडाच्या नखांत त्याने स्वतःची खूण म्हणून ग्रीक अक्षर ओमेगा कोरले. दुसरा खड्डा दागिन्यांचा. पदकात बसवलेल्या नाण्याला कडी लावताना डाख दिलेला असतो. कडी काढून घासले तरी भिंगाखाली कडेवर जखम दिसते. तिसरा खड्डा आपला स्वतःचाच: नाणे उजळून घेण्याची हौस. सोने घासले की त्याची मूळ झळाळी जाते आणि निम्मी किंमत तिच्याबरोबर जाते. आपल्याकडे दिवाळीला सगळे चकाकून काढायची सवय आहे; नाण्यांना तिच्यापासून दूर ठेवावे.

यावरचा उपाय म्हणजे प्रमाणित नाणी. १९८६ पासून पीसीजीएस आणि १९८७ पासून एनजीसी या कंपन्या नाणे तपासून, १ ते ७० अशी श्रेणी देऊन, क्रमांकासह प्लॅस्टिकच्या बंद खोक्यात देतात. मोजपट्टी मुळात विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी मांडली होती. ६४ आणि ६५ मधल्या फरकासाठी लोक हजारो डॉलर मोजतात, हे मला कधी पटलेले नाही. थैलीत एकमेकांवर आपटलेल्या नाण्यांवरचे ओरखडे मोजून कुणी तरी तो फरक ठरवतो. नवख्याने ६२-६३ च्या आसपासचे, डोळ्याला आवडणारे नाणे घ्यावे आणि थांबावे.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी मंडळी बरीच असतील असे गृहीत धरले आहे; त्यांना ही नाणी नाणेमेळाव्यांत हातात घेऊन पाहता येतील. तशी संधी मिळाली तर एकही नाणे न घेता दिवसभर नुसते पाहत हिंडावे. नाणी भारतात आणायची असतील, तर सीमाशुल्काचे चालू नियम आधी तपासावेत: परदेशातून परतणाऱ्यांना दागिन्यांवर मिळणारी सवलत नाण्यांना लागू होत नाही.

किमती या पुस्तकात मुद्दाम दिलेल्या नाहीत. सोन्याचा भाव रोज हलतो आणि छापलेला आकडा बाजारात येईपर्यंत शिळा होतो. त्याऐवजी प्रत्येक नाण्यापुढे पाडलेली संख्या, त्याच्या शेजारी उरलेल्यांचा अंदाज, आणि तो अंदाज कशावरून केला ते दिले आहे. पहिले नाणे घ्यायचे असेल तर १९२४ किंवा १९२७ चे फिलाडेल्फियाचे डबल ईगल पाहा. ते भरपूर आहे, सुंदर आहे आणि त्याच्यासाठी सोन्याच्या भावाहून फार जास्त मोजावे लागत नाही. विक्रेत्याने सांगितलेला प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी स्वतः पडताळून पाहा, आणि मगच पैसे द्या.